कोणाचे नाव ठेवायचे, कोणाचे काढायचे: वैद्यकीय अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय अभ्यासमंडळांचे सदस्य, प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक आणि मराठीतून वैद्यकाची पुस्तके लिहिणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

ज्याने आजार पहिल्यांदा नीट वर्णिला त्याचे नाव आजाराला द्यायचे, ही वैद्यकाची जुनी रीत. पार्किन्सन, अल्झायमर, हॉजकिन, कॉलीस, मॅकबर्नी अशी हजारो नावे विद्यार्थी पाठ करतात. ही सगळी एका फटक्यात हद्दपार करा असे म्हणणारे आहेत आणि एकालाही हात लावू नका म्हणणारेही आहेत. आम्हांला दोन्ही पटत नाही. शिकवताना आणि वॉर्डात आपापसांत बोलताना नाव राहू द्या, पण रुग्णाच्या हातात जाणाऱ्या किंवा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणाऱ्या कागदावर ते एकटे लिहू नये, एवढीच आमची मागणी आहे. ही सवय पाठ्यपुस्तकात आणि परीक्षेत लागते, म्हणून पत्र तुम्हांला.

सुरुवात पॉट यांच्यापासून करतो. पर्सिव्हल पॉट हे लंडनचे शल्यचिकित्सक. पाठीला पोक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन त्यांनी १७७९ साली केले. त्याचे कारण क्षयाचा जंतू, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तो जंतू कॉख यांना सापडला १८८२ साली. आज कारण माहीत आहे, बायोप्सी होते, सीबीनाट (क्षयाचा जंतू शोधणारी तपासणी) होते, तरीही डिस्चार्ज कार्डावर ओळ येते: ‘पॉट्स स्पाइन डी९-१०, ऑन एकेटी’. या ओळीत टीबी हा शब्द कुठेच नाही. पॉट म्हणजे कोण हे रुग्णाला माहीत नसते आणि एकेटी ही क्षयावरच्या औषधांची लघुसंज्ञा आहे हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. तो गावी जातो, तीन-चार महिन्यांत पाठदुखी थांबते आणि ‘पाठीच्या गोळ्या’ बंद होतात. मणक्याच्या क्षयाचे औषध साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावे लागते. अर्धवट सोडले तर पू पुन्हा साचतो, मणका आणखी खचतो, आणि औषधाला दाद न देणारा जंतू तयार होण्याचा धोका वेगळाच.

शिवाय क्षयाची सरकारदरबारी नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नाव चढले तरच दरमहा पोषण आहाराचे पैसे मिळतात. ते आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नोंद झाली तरच घरातल्या माणसांचीही तपासणी होते. मणक्याच्या क्षयात रुग्ण खोकत नाही, त्यामुळे घरच्यांना शंका यायचे कारण नसते. म्हणून कार्डावरचा शब्द इथे फार मोलाचा. ओळ अशी असावी: ‘मणक्याचा क्षयरोग (टीबी), पाठीचे ९वे व १०वे मणके, दोन्ही पायांत अशक्तपणा. रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो. औषधे सुरू केल्याची तारीख अमुक, निक्षय क्रमांक अमुक. दुखणे थांबले तरी औषध थांबवू नये.’ कंसात ‘पॉट’ लिहायचे तर लिहा, हरकत नाही.

याच पॉट यांच्या नावाने घोट्याचा मोड (फ्रॅक्चर) आहे आणि कपाळावर येणारी एक सूजही आहे. ती सूज गाठ नसते. सायनसचा संसर्ग कपाळाच्या हाडात उतरून वर साचलेला तो पू असतो आणि तो कवटीच्या आतही पसरू शकतो. नावात मात्र ‘ट्यूमर’ आहे. एकाच माणसाचे नाव तीन आजारांना, तिन्ही निरनिराळ्या खात्यांत.

कुशिंग यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. हार्वी कुशिंग हे अमेरिकेतील मेंदूचे शल्यचिकित्सक. कुशिंग सिंड्रोम म्हणजे शरीरात कॉर्टिसोल किंवा तत्सम स्टेरॉइड फार काळ जास्त राहिल्याने होणारा प्रकार, मग कारण कोणतेही असो. कुशिंग डिसीज म्हणजे त्यातला फक्त एक भाग, जिथे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतली गाठ असते. कुशिंग अल्सर हा मेंदूच्या इजेनंतर जठरात होणारा व्रण. कुशिंग रिफ्लेक्स म्हणजे कवटीतला दाब वाढल्यावर रक्तदाब चढणे, नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे. पहिल्या दोघांत गल्लत झाली की घोटाळा थेट उपचारांत होतो. आपल्याकडे दिसणाऱ्या कुशिंगच्या रुग्णांत बऱ्याच जणांचे कारण स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने किंवा सांधेदुखीवरच्या नाव नसलेल्या पुड्या हे असते. अशाच्या केसपेपरवर नुसते ‘कुशिंग’ लिहिले, तर पुढच्या डॉक्टरला पिट्यूटरीच्या एमआरआयचा मोह होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘कुशिंग आहे ना, मग स्टेरॉइड आजपासून बंद’ असा सल्ला दिला जातो. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. गोळी एकदम थांबली की उलट्या, रक्तदाब कोसळणे, साखर उतरणे, आणि वेळेवर हायड्रोकॉर्टिसोन मिळाले नाही तर मृत्यू. कागदावर हवे ते हे: ‘बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे झालेला कुशिंग सिंड्रोम, औषध हळूहळू कमी करायचे, एकदम बंद करायचे नाही.’

नोंदी विभागाच्या बाजूनेही हे पाहा. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत पिट्यूटरीमुळे झालेला आजार ई२४.०, औषधामुळे झालेला ई२४.२ आणि कारण न लिहिलेला ई२४.९. नुसते ‘कुशिंग’ आले की कोडिंग करणारा माणूस ई२४.९ टाकून मोकळा होतो. त्याचा दोष नाही. डी कर्व्हेन यांच्या नावाचे दोन आजार तर शरीराच्या दोन टोकांना आहेत. १८९५ साली वर्णिलेला अंगठ्याच्या मुळाशी स्नायूबंधाच्या आवरणाची सूज हा एक (एम६५.४), आणि १९०४ साली वर्णिलेला थायरॉइडचा दुखरा दाह हा दुसरा (ई०६.१). दुसऱ्यात टी३-टी४ (थायरॉइडची संप्रेरके) वाढलेले येतात, पण ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत नसते. साठवलेले बाहेर गळत असते. त्यामुळे संप्रेरक बनणे रोखणारे कार्बिमॅझोल देऊन काही होत नाही, वेदनाशामक द्यावे लागते आणि फार दुखले तर थोडे दिवस स्टेरॉइड. पाठवणाऱ्याने ‘डी कर्व्हेन, मतासाठी’ एवढेच लिहिले तर चिठ्ठी अस्थिरोगात जायची की अंतःस्रावी खात्यात, हे शिपायाने ठरवायचे का? पॅजेट यांचेही तसेच: हाडाचा आजार एम८८ आणि स्तनाग्राचा कर्करोग सी५०.०. इथे चूक झाली तर ती केवळ कारकुनी राहत नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टातली ‘पीओडी’ आठवा. ‘पीओडीमध्ये थोडे द्रव’ म्हणजे जेम्स डग्लस यांच्या नावाच्या खळग्यात, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामध्ये, थोडे पाणी. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ‘पीओडी २’ म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. शरीररचनेच्या अधिकृत नामावलीतून माणसांची नावे १९५५ साली पॅरिसला काढून टाकली गेली. सत्तर वर्षे होऊन गेली तरी डग्लससाहेब रोज रिपोर्टात हजर. त्यांना आता निवृत्त करायला हरकत नाही.

आता उलट बाजू, कारण ‘नावे वाईटच’ असे शिकवणेही चुकीचे आहे. अस्थिरोगात काही नावे फार उपयोगी आहेत. मोंतेज्जा यांचा मोड घ्या (१८१४): कोपराखालच्या दोन हाडांपैकी अल्ना मोडते आणि त्याच वेळी रेडियसचे डोके कोपरात निखळते. गालेआत्सी यांचा त्याच्या उलट: रेडियस मोडते आणि मनगटाजवळचा सांधा निखळतो. इथे नाव हे दोन दुखापती एका गाठीत बांधून ठेवते. अल्ना मोडलेली दिसली की ‘मोंतेज्जा तर नाही ना?’ असे डोक्यात येणे गरजेचे आहे, कारण एक्स-रे फिल्म हाताच्या मधल्या भागाची घेतलेली असते, मोडलेले हाड ठळक दिसते आणि निखळलेले डोके नजरेतून सुटते. लहान मुलांत हे जास्त होते. उपाय साधा आहे. मोडाच्या वरचा आणि खालचा सांधा फिल्ममध्ये आलाच पाहिजे, आणि रेडियसच्या मधून काढलेली रेघ कोपराच्या प्रत्येक फिल्मवर कॅपिटेलममधून (दंडाच्या हाडाच्या कोपराकडच्या गोल टोकातून) गेली पाहिजे. तेव्हा नाव डोक्यात ठेवा, कागदावर मात्र दोन्ही दुखापती लिहा. ‘मोंतेज्जा’ वाचून पुढचा माणूस कोपर तपासेलच याची खात्री नाही. ‘अल्नाचा मोड, रेडियसचे डोके पुढे निखळलेले’ वाचून तपासेल.

कॉलीस आणि स्मिथ ही जोडी मात्र घातक. दोन्ही मनगटाजवळ रेडियसचे मोड. कॉलीसमध्ये टोकाकडचा तुकडा हाताच्या मागच्या बाजूला सरकतो, स्मिथमध्ये तळव्याच्या बाजूला. बसवण्याची दिशा एकमेकांच्या उलट. अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली, एक्स-रे यायच्या ८१ वर्षे आधी, हा मोड मनगटापासून साधारण दीड इंच वर असल्याचे लिहिले. निव्वळ हाताने चाचपून केलेले ते वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. परंतु रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ‘रिव्हर्स कॉलीस’, ‘रिव्हर्स बार्टन’ असले शब्द वापरून कोणाचे भले होत नाही. ‘तुकडा तळव्याकडे सरकलेला’ असे लिहायला पाच सेकंदे जास्त लागतात.

तपासण्या आणि रंगद्रव्ये यांची नावे तर बदलूच नयेत. ग्रॅम (१८८४) आणि झील-नेल्सन या जंतू रंगवण्याच्या पद्धती, विडाल ही टायफॉइडची आणि मॉन्टू ही क्षयाची तपासणी, यांच्यामागे एकेक ठरलेली पाककृती आहे आणि नाव घेतले की ती पाककृती समजते. ग्रॅममध्ये क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल किंवा ॲसिटोनने रंग काढणे आणि शेवटी सॅफ्रानिन, याच क्रमाने. घोळ तिसऱ्या पायरीत होतो: काही सेकंदे जास्त झाली की जांभळा दिसायला हवा तो जंतू गुलाबी दिसतो. हे विचारा ना परीक्षेत! ‘ग्रॅम कोणत्या देशाचे होते’ हे कशाला? मॉन्टूमध्ये ०.१ मिली ट्युबरक्युलिन कातडीच्या आत टोचायचे, ४८ ते ७२ तासांनी पाहायचे आणि लाली सोडून हाताला लागणारा घट्ट भाग मिलिमीटरमध्ये आडवा मोजायचा. रिपोर्टात ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता ‘१२ मिमी’ असा आकडा लिहायचा. विडालचे तर गावोगाव इतके पेव फुटले आहे की ताप आला की विडाल; एका नमुन्यावरून, पहिल्या चार-पाच दिवसांत, निदान करू नये हे त्या नावाला चिकटूनच शिकवायला हवे. नवजात बाळाची अवस्था मोजणाऱ्या अपगार गुणांचे नाव तर इतके रुळले आहे की अनेकांना ते पाच शब्दांच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप वाटते. डॉ. व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञ होत्या. पाच निकष, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला, ही पद्धत त्यांनी मांडली. आद्याक्षरांची जुळणी कोणीतरी नंतर बसवली.

ज्यांची नावे काढली गेली त्यांच्याबद्दलही विद्यार्थ्यांना कारणासकट सांगा. हान्स रायटर नाझी राजवटीत जर्मनीच्या आरोग्य खात्याच्या वरिष्ठ पदावर होते आणि बुखेनवाल्ड छळछावणीत कैद्यांवर झालेल्या टायफसच्या प्रयोगांशी त्यांचा संबंध होता. म्हणून त्यांच्या नावाच्या सांध्यांच्या आजाराला आता ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ म्हणतात. फ्रीडरिष वेगेनर नाझी पक्षाचे सदस्य होते. २०११ साली अमेरिका आणि युरोपातील संधिवात व मूत्रपिंड तज्ज्ञांच्या संघटनांनी रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका आजाराला असलेले त्यांचे नाव बाजूला करून ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस’ स्वीकारले. फुफ्फुसातल्या क्लारा पेशींना आता क्लब पेशी म्हणतात, कारण माक्स क्लारा यांनी देहदंड दिलेल्या कैद्याच्या ऊती वापरल्या होत्या. नवी नावे लांबलचक आहेत, हे खरे. पण त्यांत काय बिघडले ते तरी आहे. जुन्या केसपेपरांचा शोध लागावा म्हणून ‘पूर्वीचे नाव’ असा एक रकाना ठेवला की काम भागते.

हॅन्सन यांची गोष्ट मात्र सरळ नाही. गेरहार्ड हॅन्सन यांनी नॉर्वेत बेर्गेनला १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. कुष्ठ या शब्दाला चिकटलेली भीती घालवायला ‘हॅन्सनचा आजार’ म्हणा, असे पुष्कळांनी सुचवले. ब्राझीलने तर १९९५ साली कायदा करून सरकारी कागदांतून जुना शब्द काढला. इथे माणसाचे नाव रुग्णाच्या बाजूने उभे राहते. याच हॅन्सन यांनी १८७९ साली एका महिला रुग्णाच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय रोगद्रव्य टोचले होते आणि न्यायालयाने त्यांना रुग्णालयाच्या पदावरून दूर केले, हेही त्याच पानावर छापावे. आमचे मत विचाराल तर रुग्णाला जो शब्द कमी टोचतो तो वापरावा, आणि हॅन्सन यांचा इतिहास नीतिशास्त्राच्या तासाला शिकवावा.

आता मराठी पुस्तकांबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा एकाच आठवड्यात गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे, गियान बारे अशी नाना रूपे छापून आली. फ्रेंच उच्चार गियाँ-बारे. कोणते रूप घ्यायचे ते तुम्ही ठरवा, पण एकच ठरवा. नाहीतर देवनागरीत शोध घेणाऱ्याला निम्मी माहिती सापडणारच नाही. त्या दिवसांत लोक विचारत होते ते निराळेच: हा संसर्ग आहे का, शेजाऱ्याला होईल का? नावातून काहीच कळत नव्हते. वास्तविक दोन वाक्ये पुरली असती. दूषित पाणी किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. जुलाब पसरू शकतात, लुळेपणा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

विद्यार्थ्याला यापुढचे हवे. अशक्तपणा पायांतून वर चढतो, गुडघ्याचे झटके जातात, पाठीतल्या पाण्यात प्रथिने वाढतात पण पेशी वाढत नाहीत. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी दोन सैनिकांत दाखवलेली खूण हीच. नावातून स्ट्रोल मात्र गळाले. पहिल्या आठवड्यात पाणी तपासले तर प्रथिने नॉर्मल येऊ शकतात, म्हणून तेवढ्यावरून आजार नाही असे म्हणू नये. श्वासाकडे लक्ष हवे: एका दमात रुग्ण कितीपर्यंत आकडे मोजतो ते रोज लिहा, आकडा घसरला की अतिदक्षता विभागाला कळवा. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) रोज ०.४ ग्रॅम प्रति किलो, पाच दिवस. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२०. हे एवढे सगळे ‘जीबीएस’ या तीन अक्षरांत मावत नाही.

माणसाच्या नावाऐवजी गावाचे नाव दिल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. बॉम्बे रक्तगट हे आपले घरचे उदाहरण. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली तो नोंदवला. त्याला भेंडे यांचे नाव चिकटले नाही, शहराचे चिकटले, आणि शहर मुंबई झाले तरी रक्तगट बॉम्बेच राहिला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन नसतो, त्यामुळे अँटी-ए आणि अँटी-बी टाकून पाहिले की ‘ओ’ गट दिसतो. पण त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ओ गटाच्या पेशींचीही गुठळी होते. केवळ स्लाइडवर पुढची तपासणी करून थांबणाऱ्याला हे कळत नाही. सीरम घेऊन ए, बी आणि ओ पेशींशी उलट तपासणी करावी लागते, आणि अँटी-एच लावून पाहावे लागते. ओ गटाचे रक्त चढवले तर पेशी फुटतात. ‘दुर्मीळ रक्तगट’ म्हणून कौतुकाने छापण्यापेक्षा ही एवढी पायरी पुस्तकात ठळक अक्षरांत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या संसर्गजन्य आजारांना माणसाचे, गावाचे वा प्राण्याचे नाव देऊ नये असे सांगितले ते योग्यच, पण जुन्यांचे काय करायचे ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

तेव्हा मागण्या. प्रश्नपत्रिकेत ‘अमक्याचे चिन्ह म्हणजे काय’ याऐवजी चिन्ह वर्णून पुढे काय कराल ते विचारा. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने नाव न घेता अचूक वर्णन केले तर पूर्ण गुण द्या, आणि नुसते नाव घेतले तर पुढचा प्रश्न विचारा. डिस्चार्ज कार्ड मराठीतून लिहिण्याची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवा: दहा मिनिटे, एक कार्ड, त्यात अवयव, कारण, बाजू आणि औषध कधीपर्यंत घ्यायचे हे चार मुद्दे. पुस्तकांच्या शेवटी परिशिष्ट द्या. त्यात देवनागरीतले एकच मान्य रूप, आजचे वर्णनात्मक नाव, पूर्वीचे नाव, आयसीडी कोड आणि ‘याच नावाचे दुसरे काय आहे’ असा शेवटचा रकाना. तो शेवटचा रकाना कृपया जागा वाचवण्यासाठी गाळू नका. पहिल्या खेपेला पॉट, कुशिंग, डी कर्व्हेन, पॅजेट, फॉन रेक्लिंगहाउझेन, कोचर आणि हचिन्सन एवढी सात नावे घेतली तरी पुष्कळ झाले. मसुदा तपासायला आम्ही बसायला तयार आहोत.

आपले,
विकृतिशास्त्र, अस्थिरोग, मेंदूविकार आणि वैद्यकीय नोंदी विभागांतील काही शिक्षक व कर्मचारी